सहा मिलिमीटरचा माज

माझ्या चेहऱ्याचं क्षेत्रफळ किती, हा प्रश्न वयाच्या 63व्या वर्षापर्यंत मला पडला नव्हता. तो पडला भाच्याच्या फोनमुळे. फोन लंडनहून. "मामा, तुमचा ब्रश घ्यायला दुकानात उभा आहे. ते विचारतायत, साइझ कोणती?"

मी डोंबिवलीत, गॅलरीत, बनियनवर, तुळशीला पाणी घालत होतो. बुटाला साइझ असते, सदऱ्याला असते. पण दाढीच्या ब्रशला? मात्र आपल्याला माहीत नाही हे भाच्यापुढे कबूल करणं म्हणजे मामापणाचा राजीनामा. "दहा मिनिटांत सांगतो," म्हणालो. बँकेत 34 वर्षं याच वाक्यावर काढली होती.

दहा मिनिटांत जे कळलं ते असं. ब्रश मोजायचा तो केस मुठीतून जिथे वर येतात तिथे, आडवा, मिलिमीटरमध्ये. साधारण 20पासून 30पर्यंत मिळतात. फेस थेट गालावर करणाऱ्यानं 22 किंवा 24 घ्यावा, वाटीत करणाऱ्यानं हवा तर मोठा. शिवाय केसांची उंचीही बघायची. त्याच जाडीत केस उंच ठेवले तर ब्रश मऊ आणि लेचापेचा होतो, आखूड ठेवले तर ताठ, गाल घासून काढणारा. शहाण्यानं मधला मार्ग धरावा. मी वाटीत फेस करत नाही. घरातली एकही वाटी मला त्या कामासाठी मिळणार नाही. म्हणजे माझा आकडा 22.

मी भाच्याला 28 सांगितला.

का, तर दुकानात 30 होता, आणि हावरट दिसू नये म्हणून मी दोन कमी केले.

केंट नावाची इंग्रजांची ब्रशवाली कंपनी आहे, ती 1777 सालची. त्या वर्षी पुण्यात नाना फडणवीस कारभार बघत होते आणि सवाई माधवराव पेशवे तीन वर्षांचे होते, म्हणजे त्यांना दाढीचा प्रश्न नव्हता. सिम्पसन म्हणून दुसरी कंपनी आहे. तिच्या एका ब्रशचं नावच 'चबी', गुटगुटीत, आणि त्यात पुन्हा एक, दोन, तीन अशा चढत्या पायऱ्या. असल्या मंडळींच्या पंगतीत बसायचं तर 22 मिलिमीटर घेऊन कसं बसणार?

ब्रश आला. हिनं खोका उघडला, हुंगला आणि लांब धरला. "कसले केस आहेत हे?"

"बॅजरचे."

"म्हणजे?"

"प्राणी असतो एक. बिळात राहतो. रात्री बाहेर पडतो."

"घूस?"

"घूस नाही गं. इंग्लंडमध्ये त्याला कायद्याचं संरक्षण आहे. 1992चा कायदा आहे खास."

"मग हे केस कुठून आले?"

चीनमधून आले. या धंद्याला लागणारे बॅजरचे केस मुख्यतः तिथूनच येतात. चीनचे केस, इंग्रजांची मूठ आणि डोंबिवलीचे गाल. आमच्या घरात अंडं येत नाही. पण 40 वर्षं मी डुकराच्या केसांचा ब्रश तोंडाला लावत होतो, आणि त्याबद्दल आम्ही दोघांनीही कधी चौकशी केली नव्हती. ती चौकशी या बॅजरनं उकरून काढली. त्यात नव्या ब्रशला ओला केल्यावर जो वास येतो तो थेट पावसात भिजलेल्या कुत्र्याचा. आठ-दहा दाढ्यांनंतर जातो. तोवर ब्रशला देवघराच्या बाजूची खिडकी बंद होती.

फ्रेंच भाषेत बॅजरला 'ब्लेरो' म्हणतात. दाढीच्या ब्रशलाही 'ब्लेरो'च म्हणतात. आणि बोलीभाषेत बावळट, गबाळ्या माणसालाही 'ब्लेरो'च म्हणतात. रोज सकाळी आमच्या न्हाणीघराच्या आरशासमोर हे तिन्ही अर्थ एकत्र जमू लागले.

आता हिशेब. इथे कोणी घाई करू नये. 22 आणि 28, फरक फक्त सहा मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पण गोल वस्तू व्यासानं वाढत नाही, व्यासाच्या वर्गानं वाढते. 22चा वर्ग 484, 28चा 784. म्हणजे केसांचा झुबका 62 टक्क्यांनी जाड. ही गोष्ट मला कळायला हवी होती, कारण आमच्या सोसायटीत याच मुद्द्यावर तीन सर्वसाधारण सभा उधळल्या गेल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी नळाची अर्ध्या इंचाची जोडणी गुपचूप पाऊण इंचाची करून घेतली. विचारलं तर म्हणतात, पाव इंचानं काय होतंय? मी फळ्यावर जाऊन दाखवलं, की अर्ध्याचा पाऊण झाला की नळीचं तोंड दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. भाकरीचंही तसंच. आठ इंची भाकरीच्या जागी दहा इंची थापली तर पीठ पावपट जास्त लागत नाही, तेवढ्याच जाडीला दीडपटीहून जास्त लागतं. सुनांना उगाच बोल लावतात! गृहस्थ म्हणाले, "काका, तुम्ही भाकरीवर कुठे गेलात?" सभा तिथेच संपली. पाऊण इंची नळ अजून तसाच आहे. सकाळी सव्वासातला त्यांच्याकडे शॉवर सुरू झाला की आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते, आणि त्या धारेखाली मी 28 मिलिमीटरचा ब्रश धुत उभा असतो. माज त्यांनीही केला, मीही केला. त्यांच्या माजाला पाणी तरी मिळतं.

ब्रश भिजल्यावर फुलायचा. छोट्या फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा. एका गालावर टेकवला की फेस कानात, दुसऱ्या गालावर टेकवला की चष्म्याच्या दांडीवर, आणि वरच्या ओठावर टेकवला की थेट दोन्ही नाकपुड्यांत. 70 ग्रॅमची ट्यूब पूर्वी दोन महिने पुरायची, ती तीन आठवड्यांत पोटाला पाठ लावून पडली. अर्धा फेस ब्रशच पितो. आणि वाळत नाही! दाट ब्रश आधीच उशिरा वाळतो, त्यात डोंबिवलीचा जुलै. आजच्या दाढीनंतर परवा सकाळीही बुडखा ओला.

ओला ब्रश हा माझा जुना गुन्हा. चाळीत असताना दादाचा ब्रश मी चोरून वापरायचो. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याला दाढी होती आणि मला हौस. कोणी पाहू नये म्हणून घाईघाईत ब्रश परत ठेवायचो, झटकायचा राहायचा, आणि ओल्या केसांवरूनच पकडला जायचो. दादा मारायचा नाही. ब्रश माझ्या हातात देऊन म्हणायचा, "झटक."

मागच्या वर्षी दादाला पक्षाघात झाला. बदलापूरला असतो. त्याची दाढी करणाऱ्या मावशी एक आठवडा रजेवर गेल्या, तेव्हा मी म्हटलं, मी येतो. आणि ब्रश घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मला तो दादाला दाखवायचा होता.

त्याला उशांना टेकवून बसवलं, गळ्यात पंचा बांधला, गरम पाण्यात ब्रश फुलवला. त्यानं तो पाहिला. काही बोलला नाही. हल्ली बोलणं कमीच. मी ब्रश टेकवला आणि दादाचा अर्धा चेहरा नाहीसा झाला.

आजारपणात गाल आत गेलेत, हे मला दिसत होतं. पण ते किती, हे ब्रशनं सांगितलं. स्वतःच्या ओठावर फेस लावताना श्वास कधी रोखायचा, हे आपल्या नाकाला आपोआप कळतं. दुसऱ्याच्या नाकाला आपला हात कळत नाही. फेस नाकात गेला, आणि त्याला तो शिंकरता येईना. ओघळलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून साबणाचं पाणी आत गेलं. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले, अगदी लहान मुलासारखे. मी पंच्यानं पुसत राहिलो आणि "झालं, झालं" म्हणत राहिलो. झालं काहीच नव्हतं.

मग न्हाणीघरात गेलो. खिळ्याला त्याचा स्वतःचा ब्रश टांगलेला होता, केस खाली करून, कोरडा ठणठणीत. प्लॅस्टिकची मूठ, झिजून आखूड झालेले केस. नंतर पट्टीनं मोजला: 18 मिलिमीटर. त्या ब्रशच्या नुसत्या टोकानं मी रंगवल्यासारखा फेस लावला. हनुवटीच्या खळीत मावला. नाकाखाली मावला. मिशीची कड न पुसता तिच्या खालून सरळ निघून गेला. दादानं डोळे उघडले आणि मान आपणहून थोडी वर केली.

दाढी झाली, तुरटी फिरवली, तोंड पुसलं. ब्रश धुऊन मी खिळ्याला अडकवायला निघालो.

मागून आवाज आला. जड, अर्ध्या तोंडाचा, पण स्पष्ट.

"झटक."

मी झटकला. भिंतीवरच्या कालनिर्णयावरची एकादशी भिजली.