कोन भरती हाय?

चौकातल्या पानठेल्यावर मी एवढंच बोललो, की शनिवारी पोराला घेऊन अकोल्याला चाललोय, एक मुक्काम करून येऊ. ठेलेवाल्याचा चुना लावणारा हात थांबला. बाकावरच्या दोघांनी पेपर खाली घेतला. मग अगदी हलक्या आवाजात प्रश्न आला, "काऊन जी, कोन भरती हाय?"

कोणीच भरती नाही म्हटलं. "मंग कोर्टात तारीख हाय?" तारीखही नाही. "पोरगी पाहाले?" माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली आणि पोरगं पहिलीत आहे. "मंग कायले चालले?"

सहज, असं म्हणालो आणि तिथेच चुकलो. तेल्हाऱ्यातून अकोल्याला सहज जाणारा माणूस एकतर काहीतरी लपवत असतो, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. आणि तसं असेल तर त्यालाही अकोल्यालाच न्यावं लागतं.

हे सगळं सुरू झालं माझ्या पुण्याच्या मेहुण्यामुळे. तो दर दोन महिन्यांनी 'सिटी ब्रेक' घेतो. म्हणजे एका शहरातल्या रांगेचा कंटाळा आला, की दुसऱ्या शहरात जाऊन रांगेत उभा राहतो. दिवाळीत तोच आमच्याकडे येतो, त्याला 'व्हिलेज स्टे' म्हणतो, जवळच्या वारी गावाला जाऊन वानच्या धरणासमोर हात पसरून फोटो काढतो आणि नेट धड चालत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी निघून जातो. त्याचं स्टेटस बायकोने पाहिलं. "आपल्या पोरानं काय पाह्यलं आजवर?" एवढं एकच वाक्य ती बोलली. पण ते ज्या स्वरात बोलली, त्या स्वराला उत्तर नसतं.

वीकएंड ही चीज आमच्याकडे तशी नवी. सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. मुहूर्तच असा शोधला, की चार वर्षांतून एकदा यावा. महिनाभरात टाळेबंदी आली आणि अख्खा आठवडाच वीकएंड झाला. पोरांच्या शाळेला मात्र शनिवारची सुटी काही लागली नाही. म्हणून माझ्यासारख्या कारकून बापाचा वीकएंड शुक्रवारी संध्याकाळी उगवतो, पोराचा शनिवारी दुपारी, आणि बायकोचा अजून उगवायचा आहे.

कुठे जायचं, यावर घरात बैठक बसली. मी नागपूर सुचवलं. मेट्रो आहे, महाराजबाग आहे, गोरेवाड्याला वाघ आहेत. आई म्हणाली, "वाघ पाहाले नागपूर? वाघ तं आपल्या मांगच्या डोंगरात हाय." खरंच होतं. उत्तरेला पाहिलं की सातपुडा, आणि त्यात मेळघाट, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. घरचा वाघ सोडून पिंजऱ्यातला पाहायला अडीचशे किलोमीटर जायचं, हे आईच्या हिशेबात बसेना.

मग अमरावती निघाली. तिथे एप्रिल २०२५ पासून विमान उतरतं, ते पोराला दाखवता आलं असतं. शिवाय तो रस्ताही नामांकित. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्या अकोट-अकोला वाटेवरचा, गांधीग्रामचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल तडा गेला म्हणून बंद झाला. तिकडे विक्रम, इकडे तडा. जिल्ह्याचा समतोल असा राखावा लागतो. पण अमरावतीला बायकोची मावशी राहते. मावशीकडे उतरलं तर तो ब्रेक नव्हे, आणि न उतरलं तर पुढच्या तीन लग्नांत ऐकून घ्यावं लागतं. अमरावती रद्द.

उरलं अकोला. ते तर कुठलीही बैठक न घेता उरलेलंच असतं.

आता जायचं कसं? पोराला रेल्वे हवी होती. तेल्हाऱ्याला रेल्वे नाही, ती अकोटहून. तिथली मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि रुंद होऊन परत यायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. चव्वेचाळीस किलोमीटरला जवळजवळ सहा वर्षं. वर दिलेल्या विक्रमाशी वाचकांनी ताडून पाहू नये, उगाच त्रास होतो.

आईला मात्र एसटीच हवी. कारण एसटीत पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, आणि ती शहात्तरची. बायकोला मार्च २०२३ पासून हाफ, पोरगं सहाचं म्हणून हाफ. अख्ख्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा. या महाराष्ट्रात कर्ता पुरुष म्हणतात तो हाच. रेल्वेत सगळं उलटं. ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये गेली ती परत आलीच नाही. "यष्टीत मले मान हाय, अन् आगगाडीत मी जवान झाली का?" असं म्हणून आईने आधार कार्ड कमरेला खोचलं. शेवटी अकोटपर्यंत एसटी, पुढे रेल्वे, असा तह झाला. तहात आईने बटवा उघडायचा नाही, हे कलम होतं.

इथवर ते सहलीचं नियोजन होतं. शुक्रवारी संध्याकाळपासून त्याची यादी झाली. शेजारच्या काकू आल्या, "चाललेच हा तं माह्या थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन या जी." चुलतभावाने मोटारीचा स्टार्टर आणून दारात ठेवला, दुरुस्तीला टाकायचा होता. वजन आठ किलो. कोणाला फवारणी पंपाचं नोझल, कोणाला साडीच्या रंगाचा फॉल, सोबत साडीचा कापलेला कोपरा, हरवू नका. कचेरीतल्या सहकाऱ्याने एक अर्ज दिला, "कलेक्टर ऑफिसात नुसता टेबलावर ठेवा." शनिवार-रविवारी टेबलच बंद असतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने दिला आणि मी घेतला. अकोल्याला जाणाऱ्या माणसाकडे कागद द्यायचा असतो, एवढंच त्याला ठाऊक. पोराच्या बॅगेत त्याचे कपडे होते, त्यातले निम्मे काढून स्टार्टर ठेवला.

शनिवारी अकोल्याला पोचलो. लॉजवर रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी 'पर्यटन' लिहिलं. मॅनेजरने चष्म्यावरून आम्हा चौघांकडे पाहिलं, आईवर नजर थोडी जास्त थांबवली, माझा शब्द खोडून 'दवाखाना' लिहिलं आणि म्हणाला, "खालची खोली देतो, आजीले पायऱ्या नको."

रविवारी सकाळी काकूंचा रिपोर्ट घ्यायला गेलो. लॅब चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट. पोरगं आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरलं. दार आपोआप मिटलं, पोटात गोळा आला, दार उघडलं तर जग बदललेलं. "बाबा, पुन्हा!" सात वेळा वर, सात वेळा खाली. लिफ्टमनने तर त्याला स्टुलावर उभं करून बटणं दाबू दिली. स्ट्रेचर आलं तेव्हा तेवढं बाहेर थांबलो.

मग राजराजेश्वराचं दर्शन घेतलं. असदगडावर गेलो, मी औरंगजेबाच्या वजिराची, असदखानाची गोष्ट सुरू केली, तर पोराने विचारलं, "इथं लिफ्ट हाय का?" नाही म्हटल्यावर गड संपला. बागेतही तोच प्रश्न. फॉलच्या दुकानात ते गादीवर झोपलं. नोझल मिळालं, फॉल अर्धी छटा फिका निघाला.

रात्री घरी आलो. ठेलेवाला दुकान बंद करून मुद्दाम घराकडे वळला होता. "रिपोर्ट काय आला जी?" मी सवयीने म्हणालो, नॉर्मल. त्याने हात जोडले आणि समाधानाने गेला.

आत पोरगं आजीच्या मांडीवर पडून बोटाने हवेत बटणं दाबत होतं. जरा वेळाने ते उठून बसलं आणि तिचा हात हातात घेऊन विचारू लागलं, "आजी, तू कवा भरती होशीन व?"