तक्रार दहा मिलिमीटरची

सुरुवातीलाच स्पष्ट करते, माझी तक्रार किमतीबद्दल नाही. माउंटन बाइकच्या चांगल्या सस्पेन्शन फोर्कला, म्हणजे पुढच्या चिमट्याला, स्कूटरइतके पैसे पडतात हे मी केव्हाच पचवलं आहे. स्कूटर घेणाऱ्याला तेवढ्या पैशांत अख्खी स्कूटर मिळते, हे सासूबाईंनी लक्षात आणून दिलं आणि घरातला तो विषय तिथेच मिटला. माझी तक्रार मिलिमीटरबद्दल आहे.

पण आधी हंगामाबद्दल. दर वर्षी मार्च ते मेच्या सुमारास ‘येत्या हंगामासाठी’ नवे फोर्क, नवे ब्रेक, नवे गिअर जाहीर होतात. हंगाम कुणाचा, ते कुणी लिहीत नाही. कोलोरॅडोतलं बर्फ वितळतं, आल्प्समधल्या स्कीच्या पाळण्यांतून सायकली वर जाऊ लागतात, तेव्हा तो सुरू होतो. त्याच दिवसांत इकडे पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी आठच्या आत डोकं तापतं आणि सायकल गॅलरीत जुन्या चादरीखाली जाते. आमचा हंगाम दसऱ्याच्या आसपास चिखल वाळला की सुरू होतो आणि होळीला संपतो. तोवर तिकडचा नवा फोर्क जुना झालेला असतो, कारण पुढचा जाहीर व्हायला आला. शिवाय त्यावर सालही पुढचं असतं. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीचं मॉडेल विकायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दिवाळी अंकाचा संपादक म्हणतात.

नव्या फोर्कचं वर्णन वाचलं की माहिती मिळते ती मुख्यतः जुन्या फोर्कची. गेल्या वर्षीचा फोर्क बारीक खड्ड्यांवर अडखळायचा, उतारावर मध्येच बसकण मारायचा, हात बधिर करायचा, हे यंदा कळतं. गेल्या वर्षी तो निर्दोष होता. काही गोष्टी खरोखर कामाच्या असतात, नाही असं नाही. फोर्कच्या खालच्या नळ्यांच्या मागे अलीकडे एक लहानसं बटण येतं. ते दाबलं की आत अडकलेली हवा फुस्स करून निघून जाते. पुण्यात बसवलेला फोर्क हिमाचलात तीन-साडेतीन हजार मीटरवर नेलात, तर बाहेरचा दाब घटतो, आतली हवा जोर धरते आणि फोर्क आखडतो. बटण त्यावर इलाज आहे. मी ते आमच्या सोसायटीच्या आवारातही दाबते. फुस्स होत नाही, पण पैसे दिलेत.

या सगळ्याची सुरुवात साध्या हेतूने झाली. होंडाच्या मोटोक्रॉस संघाबरोबर मेकॅनिक म्हणून काम केलेल्या पॉल टर्नर यांना वाटलं की मोटरसायकलला पुढे धक्के शोषणारा चिमटा असतो, तर सायकलने काय घोडं मारलंय? १९८९ मध्ये त्यांची रॉकशॉक्स ही कंपनी सुरू झाली आणि आरएस-१ नावाचा फोर्क बाजारात आला. खाली-वर होण्याला जागा जेमतेम पाच सेंटिमीटर. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्यात ग्रेग हर्बोल्ड हा उताराची शर्यत हाच फोर्क लावून जिंकला. तोपर्यंत सस्पेन्शनचं काम कोपर आणि गुडघे करत होते. त्यांचं नवं मॉडेल येत नसल्यामुळे त्यात कुणाला रस नव्हता.

आता मिलिमीटर.

पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल पूर्वी ९ मिलिमीटरचा असे, हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १०० रुंद. उतारावर तो लचकतो, म्हणून उताराच्या फोर्कना २० मिलिमीटरचा जाड अ‍ॅक्सल आणि ११० चा हब आला. झालं की! पण २००८ च्या सुमारास शिमानो आणि फॉक्स या कंपन्यांच्या लक्षात आलं की सर्वसाधारण माणसाला ९ कमी पडतो आणि २० जास्त होतो. त्यांनी १५ काढला. हब पुन्हा १००. लोकांनी चाकं बदलली. २०१४-१५ मध्ये कळलं की १५ बरोबर आहे, पण १०० अरुंद आहे. मोठ्या चाकाच्या तारांना दोन्हीकडे थोडा फाकवा मिळाला की चाक ताठ राहतं. म्हणून ११०, आणि त्याला नाव ‘बूस्ट’. लोकांनी चाकं बदलली. म्हणजे २० चा अ‍ॅक्सल उताराच्या फोर्कपुरता उरला, पण त्याचा ११० सगळीकडे आला. काही वर्षांनी उताराच्या फोर्कमधला २० देखील नव्याने आला, २० गुणिले ११०, अगदी पहिल्यासारखा, फक्त बूस्ट. पहिल्या २० गुणिले ११० चं चाक सांभाळून ठेवलेल्या माणसाने ते माळ्यावरून काढलं, तर अ‍ॅक्सल बसतो, रुंदी बसते, आणि ब्रेकची डिस्क काही मिलिमीटर आत राहून कॅलिपरला चाटते. २०२५ मध्ये फॉक्सने पोडियम नावाचा फोर्क आणला. त्यात जाड नळ्या वर आणि सरकत्या नळ्या खाली, म्हणजे सगळं उलटं, आणि अ‍ॅक्सल २० चा. उलटे फोर्क मॅनिटूने डोराडो या नावाने कितीतरी आधी विकले आहेत, पण हंगाम नवा आहे.

माझं चाक १०० चं. चांगलं आहे, सरळ फिरतं, त्याच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही. धाकटे दीर सॅन होजेला असतात आणि दर डिसेंबरात येतात. त्यांच्या बॅगेत जाताना भाजणी असते, येताना आमच्याकडची कुणाची तरी नड. त्यांना फोर्क आणायला सांगितला, तर दुकानातून फोन.

“वहिनी, बूस्ट की नॉन-बूस्ट?”

“भाऊजी, चाक जुनं आहे. नॉन-बूस्ट.”

“ते आता मिळत नाही म्हणतोय.”

“मग विचारलंत कशाला?”

“त्यानेच विचारायला सांगितलं.”

फोर्क आला. विमानतळावर तो बॅगेत तिरका पडलेला पाहून अधिकाऱ्यांनी हे काय, असं विचारलं. भाऊजींनी “वहिनींचं सस्पेन्शन” असं उत्तर दिल्याने प्रश्न संपले. घरी आल्यावर शोध लागला की १०० चं चाक ११० च्या फोर्कमध्ये बसवण्याची सोय बाजारात आहे. ती म्हणजे पाच-पाच मिलिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या, हबच्या दोन बाजूंना, आणि डिस्कखाली आणखी एक. ज्या दहा मिलिमीटरमुळे जगभरची चाकं रद्दीत गेली, ते दहा मिलिमीटर एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीत मिळतात. पुडी मात्र सॅन होजेत होती.

नवा फोर्क आणि जुनं चाक यांचं हे वैर अपघाती आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग २०१४ साली रॉकशॉक्सने आरएस-१ हेच नाव पुन्हा वापरून एक उलटा, कार्बनचा फोर्क काढला, आणि त्याला फक्त त्याच्यासाठी बनवलेला हब लागायचा. म्हणजे निदान लपवाछपवी नव्हती. मुलगी बघायला यावं आणि तिच्या आईवडिलांसकट अख्खा वाडा मागावा, तसा तो फोर्क होता. फार घरांत खपला नाही.

ब्रेकचं तर याहून सूक्ष्म आहे. शिमानोची मोठी डिस्क २०३ मिलिमीटरची. स्रॅमची २००. या तीन मिलिमीटरमुळे कोण लवकर थांबतं, हे मला टेकडीवर कधी जाणवलेलं नाही. पण २०० साठी ओतलेल्या फोर्कवर २०३ ची डिस्क लावायची, तर कॅलिपर दीड मिलिमीटर उचलावा लागतो आणि त्यासाठी दीड मिलिमीटरची वॉशर लागते. ही वॉशर बोहरी आळीत मिळत नाही. तिथे एकची मिळते, दोनची मिळते, आणि “एक-एकच्या दोन घासून घ्या” असा सल्ला मिळतो. पेडलच्या दोन दांड्यांना जोडणाऱ्या आसाचंही असंच. तो पूर्वी २४ चा होता, मग कुणी ३० चा केला. २०१८ मध्ये स्रॅमने मध्यममार्ग काढून २८.९९ चा केला. एक शतांश मिलिमीटर त्यांनी कुणासाठी राखून ठेवला, याचा विचार मी रात्री झोप येत नसेल तेव्हा करते.

आमच्या चौकात पंक्चर काढणारे काका आहेत. त्यांच्या टपरीला खिळ्यावर काळ्या सायकलीचा चिमटा लटकतो. अठ्ठावीस इंची कोणतीही काळी सायकल आणा, कुठल्याही कंपनीची, तो बसतो. ते कधी विचारत नाहीत, कुठल्या सालचं मॉडेल. माझा फोर्क त्यांनी एकदा खाली वाकून, वरून, बाजूने पाहिला.

“ताई, याला तेल कुठून घालायचं?”

“खालचे बोल्ट काढून. मोजून. दहा मिली.”

“दहाच? थांबा, जरा सढळ घालू.”

सढळ घालायचं नसतं हे त्यांना पटलं नाही. मलाही पटलेलं नाही, पण पुस्तिकेत आहे. पुस्तिकेत असंही आहे की रॉकशॉक्सच्या फोर्कच्या खालच्या नळ्या दर ५० तासांनी उघडून साफ कराव्यात. फॉक्स १२५ तास किंवा वर्ष म्हणते. तास म्हणजे चालवल्याचे तास. शनिवार-रविवार मिळून चार तास चालवणाऱ्याला ५० तास तीन महिन्यांत भरतात. म्हणजे हंगामात दोनदा फोर्क खोलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडावा लागतो. स्वयंपाकघरावर अधिकार कुणाचा, हा प्रश्न आमच्याकडे अशा वेळीच निघतो, एरवी कुकर लावताना निघत नाही.

आता समजा बसला. फोर्क बसला, चाक बसलं, वॉशर सापडली. मग हवा. आत स्प्रिंगऐवजी हवा असते, ती स्वाराच्या वजनाप्रमाणे भरायची. वजन म्हणजे शिरस्त्राण, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी यांसह, म्हणून मी सगळा साज चढवून न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहते. सासूबाई दारातून बघतात आणि काही बोलत नाहीत. हवेला साधा पंप चालत नाही. जागा चिमूटभर आणि दाब जास्त, त्याला वेगळा बारीक पंप. त्याची गंमत अशी की तो जोडला की नळीत शिरण्यापुरती हवा फोर्कमधून निघून जाते, त्यामुळे पंपाच्या काट्यावर दिसतो तो दाब पंप जोडण्याआधी नव्हता. काढताना फुस्स आवाज येतो. तो नळीतल्या हवेचा असतो, फोर्कमधल्या नव्हे, असं सगळे जाणकार एकमुखाने सांगतात. ऐकायला तो हुबेहूब फोर्कमधल्या हवेसारखाच येतो.

नंतर नॉब. उत्तम फोर्कला चार असतात: दबताना मंद, दबताना जलद, उसळताना मंद, उसळताना जलद. मंद-जलद याचा सायकलच्या वेगाशी संबंध नाही, नळी किती झपाट्याने आत जाते त्याच्याशी आहे; सायकल उभी असतानाही नळी जलद दबू शकते आणि तुम्ही जिवाच्या आकांताने उतरत असताना मंद. दोन नॉबना आठ-आठ आणि दोघांना सोळा-सोळा टक असतील, तर एकूण जोड्या १६,३८४ होतात. त्यातली एक बरोबर असते. टेकडीवर भेटणारा प्रत्येक जण आपली सांगतो, “मी सहावर ठेवतो.” सहा बंद बाजूने की उघड्या बाजूने, हे विचारलं की त्याला फोन येतो.

ज्यांना हे निस्तरायचं नाही त्यांच्यासाठी २०२१ पासून रॉकशॉक्सचं फ्लाइट अटेंडंट आहे. फोर्क स्वतःच चढ-उतार ओळखून कडक-मऊ होतो. त्याला बॅटरी. मागच्या शॉकला बॅटरी, गिअरला बॅटरी, खाली-वर होणाऱ्या सीटला बॅटरी, हँडलवरच्या बटणाला नाण्याएवढा सेल. आमच्या हॉलमध्ये प्लग दोन आहेत आणि एकावर देवाची माळ आहे.

चाकांबद्दल मी लिहिणार नव्हते. २६ इंची रिम ५५९ मिलिमीटरची होती, ती लहान ठरली. २९ ची ६२२, ती मोठी ठरली. मधली म्हणून साडेसत्तावीस आली, ५८४ ची, जी मध्ये नसून २६ ला चिकटून आहे आणि फ्रान्समध्ये जुन्या प्रवासी सायकलींवर दिसायची. मग पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस अशी मिश्र सायकल आली. शर्यतीत तिला २०१९ मध्ये परवानगी मिळाली. मला वाटलं, आता आकडे संपले. २०२५ मध्ये ३२ इंची चाकांचे नमुने फिरायला लागले. त्याला आत्ताचा फोर्क चालणार नाही, हे आता सांगायला नको.

भाऊजींना मी अजून कळवलेलं नाही. आधी इमारतीची लिफ्ट मोजली. २९ ची सायकल मागच्या चाकावर उभी केली, हँडल तिरकं केलं आणि वॉचमनने पोट आत घेतलं तर दार लागतं. ३२ ला लागणार नाही. सोसायटीच्या चिटणीसांकडे लिफ्टच्या वाढीव मापाबद्दल लेखी अर्ज दिला आहे; त्यांनी तो घेतला, शिक्का मारला आणि विचारलं की नेमकी किती जागा कमी पडते. मी सांगितलं, आठ सेंटिमीटर. ते म्हणाले, मिलिमीटरमध्ये लिहून द्या.