सेन्सेई व्हायचंय? आधी भिंतीवर जा

आयकिडो शिकायला एक जन्म पुरत नाही, असं सगळे शिकवणारे सांगतात. शिकवायला मात्र पुरतो. तेव्हा तुम्ही शिकण्याच्या भानगडीत फार न पडता थेट शिकवण्याकडे, म्हणजे सेन्सेई होण्याकडे, वळायचं ठरवलंत, हे शहाणपणाचंच झालं.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो, आणि वस्तादांनी तरुणपणी कोणाला चीत केलं होतं हे गावाला तोंडपाठ असतं. आयकिडोच्या बहुतेक घराण्यांत सामनेच नाहीत. कोणी जिंकत नाही, त्यामुळे हरतही नाही. समोरचा पडतो, हे खरं. पण पडणं हा त्याच्याच अभ्यासक्रमाचा भाग असतो आणि तो ते मन लावून करतो. मग शिक्षक चांगला की बरा, हे ओळखायचं कशावरून? डोजोच्या, म्हणजे तालमीच्या, दाराशी, चपलांच्या रॅकच्या वर, फोटोखालच्या चार ओळींच्या परिचयावरून. तुमची खरी लढत तिथे आहे. त्या चार ओळींत मार खाल्लात, तर मॅटवर कितीही डौलात गिरक्या घ्या, काही उपयोग नाही.

१. साल निवडा.

आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा १८८३ साली जन्मले आणि १९६९ साली गेले. मधल्या काळात ते एका जागी, एका पद्धतीने फार दिवस राहिले नाहीत. तुमच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. १९१५ मध्ये होक्काइदोत त्यांना सोकाकु ताकेदा भेटले आणि उएशिबा त्यांच्याकडे दाइतो-र्यू जुजुत्सू शिकू लागले. १९२४ मध्ये ओमोतो पंथाच्या ओनिसाबुरो देगुचींबरोबर मंगोलियात आदर्श राज्य स्थापायला गेले आणि पकडले गेले. पायांत बेड्या घातलेला त्यांचा फोटोही आहे. १९३१ मध्ये तोक्योत कोबुकान उघडलं, तिथे इतकं रगडत की लोक त्याला ‘नरक डोजो’ म्हणायचे. १९४२ मध्ये इवामा गावी गेले, तिथे शेती, देऊळ आणि काठी-तलवार. साठच्या दशकात पांढरी दाढी, आणि हात लागतो न लागतो तोच चारी दिशांना उडणारे तरुण.

यातलं आपल्या तब्येतीला मानवेल ते साल उचला. अंगात रग असेल तर तुम्ही युद्धपूर्व परंपरेतले. पोट सुटलं असेल तर तुम्ही ‘अखेरच्या वर्षांतल्या परिपक्व आयकिडो’चे. कोणी म्हणालं, “हे मूळ नव्हे,” तर शांतपणे विचारायचं, “कुठल्या सालचं मूळ?”

या कामात इवामाच्या मोरिहिरो साइतोंचा हात धरणारा कोणी झाला नाही. उएशिबांचं १९३८ सालचं ‘बुदो’ हे फोटोंचं पुस्तक ते शिबिरांना बरोबर नेत, आणि डाव दाखवून झाला की पान उघडून दाखवत: बघा, हेच. तुम्ही पुस्तक नेऊ नका. लोक फोटो फार बारकाईने बघतात. ताकेदा तर शिष्यांची आणि फीची वही ठेवायचे, सह्या-शिक्क्यांसकट. कोण किती शिकला हे त्या वहीवरून आजही कळतं. ही प्रथा पुढे मागे पडली नसती, तर हे मार्गदर्शन लिहायची वेळच आली नसती.

२. जमल्यास उएशिबांच्या घरी जन्म घ्या.

मुलगा किश्शोमारू दुसरे दोशू, म्हणजे घराण्याचे प्रमुख, झाले, नातू मोरितेरू तिसरे. हे जमण्यासारखं नसेल तर पुढे वाचा.

३. थोडे हाल जवळ असू द्या.

इथे नवशिके हमखास चुकतात. ते परिचयात पदव्या लिहितात. पदव्या कोणी वाचत नाही, हाल वाचतात. आणि जुन्या मंडळींची अडचण अशी, की त्यांचे हाल खरे होते आणि ते थेट त्यांच्या शिकवण्यात उतरले होते.

साइतो रेल्वेत नोकरीला होते. चोवीस तास ड्यूटी, चोवीस तास सुट्टी. ही सुट्टी १९४६ पासून उएशिबा जाईपर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, त्यांनी उएशिबांच्या शेतात आणि डोजोत घालवली. त्यांच्या वर्गात प्रत्येक डाव स्टेशनं घेत घेत जायचा. आधी पाय इथे, मग मनगट तिथे, मग पुढची हालचाल. काठीचे वीस सुटे प्रकार, तलवारीचे सात, सगळे क्रमाने. गाडी मधलं स्टेशन सोडून पुढे जात नसे.

केन्जी तोमिकी जुदोवाले आणि प्राध्यापक. युद्धानंतर सुमारे तीन वर्षं ते सोव्हिएत कैदेत होते. अंग हलवायला जागा नाही, जोडीदार नाही, अशा ठिकाणी त्यांनी एकट्याने करायचे व्यायाम बसवले. परतल्यावर वासेदा विद्यापीठात त्यांनी आयकिडोची प्राध्यापकी छाननी केली, आणि शेवटी करायला नको ते केलं: सामने सुरू केले. एकाच्या हातात लवचीक सुरी, दुसरा रिकाम्या हाताने. उएशिबांना हे मुळीच रुचलं नाही. तुम्हांलाही रुचू नये. सामन्यात समोरचा स्वतःहून पडत नाही.

गोझो शिओदांची उंची जेमतेम पाच फूट. त्यांनी १९५५ मध्ये योशिनकान काढलं आणि तोक्योच्या दंगलविरोधी पोलिसांना शिकवलं. समोर शंभर हवालदार असले की ‘अंतर्मनातून वाहू द्या’ असं बोलून भागत नाही. म्हणून तिथे पवित्रा ठरलेला, पाऊल ठरलेलं, हुकूम ठरलेला. त्या वर्गात जवळपास वर्षभर काढून रॉबर्ट ट्विगर या इंग्रज लेखकाने ‘अँग्री व्हाइट पजामाज’ हे पुस्तक लिहिलं. ते वाचताना आपलेच गुडघे सोलवटल्यासारखे वाटतात.

आता तुमचं बघू. तुम्ही सहकारी बँकेत कर्ज विभागात आहात. हरकत नाही. ‘दीर्घकाळ संघर्षमय क्षेत्रात कार्यरत’ असं लिहा. वसुलीचा अनुभव तर मुळीच लपवू नका. जो जागचा हलायला तयार नाही त्याला बळ न वापरता हलवणं, हेच तर आयकिडो!

४. शिकवण्याची शैली घ्या. एकच घ्या.

नवख्यांनी मौनापासून सुरुवात करावी. मौनाला पाठांतर लागत नाही, आणि त्याला सर्वांत मोठा आधार आहे: खुद्द उएशिबा डाव चारपाचदा दाखवायचे, तोही दर वेळी थोडा वेगळा, आणि मग ‘करा’ म्हणायचे. ज्याला चोरता आला त्याने चोरावा. मधूनच ते ‘कोजिकी’ या जुन्या जपानी ग्रंथातल्या देवांवर बोलायचे, आणि त्यातलं आम्हांला फारसं कळत नसे हे त्यांच्या भल्याभल्या शिष्यांनी कबूल केलं आहे. फक्त त्यांना येत असल्यामुळे ते गप्प होते. हा तपशील परिचयात लिहायची गरज नाही.

मौन पेलत नसेल तर ‘की’कडे, म्हणजे प्राणशक्तीकडे, वळा. इथले मोठे नाव कोइची तोहेई. लहानपणी आजारी, पुढे उएशिबांच्या संस्थेचे मुख्य प्रशिक्षक, १९७१ मध्ये स्वतःची ‘की’ संस्था, आणि १९७४ मध्ये मूळ संस्थेला रामराम. त्यांचा न वाकणारा हात प्रसिद्ध आहे. हात ताठ करू नका, सैल सोडा, बोटांतून पाणी वाहतंय असं समजा; आता कोणी वाकवून दाखवावा. तोहेईंचे एक गुरू तेम्पू नाकामुरा. क्षयाने खंगलेले असताना आपल्याला एका भारतीय योग्याने हिमालयात नेलं आणि बरं केलं, असं ते सांगत. म्हणजे निदान एक धागा इथून निघून, जपानला वळसा घालून, पांढरा गणवेश चढवून आणि मासिक शुल्क लावून आपल्याकडे परत येतो. गावच्या आजोबांनी फुकट सांगितलेलं ‘श्वासाकडे लक्ष दे’ आपण तेव्हा ऐकलं नव्हतं.

सर्वांत काटकसरीची शैली म्हणजे एका शब्दाची. विद्यार्थी झगडतोय, घामाघूम झालाय, मागून जा, हलकेच म्हणा, “खांदा.” आणि पुढे चालू लागा. खांदा कोणाचाच कधी पुरता सैल नसतो, त्यामुळे हा शेरा कधी खोटा ठरत नाही. मला स्वतःला तो अकरा वर्षं मिळाला. बाराव्या वर्षी मी तो दुसऱ्यांना देऊ लागलो.

५. उके जपा.

ज्याला फेकतात तो उके. तुमची सगळी कीर्ती त्याच्या कोलांटीवर उभी आहे. सडपातळ, लवचीक, आणि तुम्हांला काय करायचंय हे तुमच्याआधी ओळखणारा मुलगा हेरून ठेवा. प्रात्यक्षिकाला त्यालाच बोलवा. तो हवेत गेला की आपण त्याच्याकडे बघायचं नाही. दूर, खिडकीबाहेर बघायचं. त्याची पदोन्नती मात्र वेळेवर करा. सेन्सेई झाला की तो पडायचा बंद होतो, हे लक्षात घेऊन फार वेळेवरही करू नका.

६. सोमवारच्या सेन्सेईंबद्दल वाईट बोलू नका.

तोक्योच्या होंबू, म्हणजे मुख्य, डोजोत सकाळी साडेसहापासून वर्ग चालतात आणि दिवसभरात शिक्षक बदलत जातात. आपला शिक्षक निवडून लोक त्या तासाला येतात. तुमच्या डोजोत एवढी चैन नाही. तिथे तीन शिक्षक, तीन वार आणि तेच ते अकरा विद्यार्थी.

शिहोनागे घ्या. समोरच्याचं मनगट धरायचं, तलवार उगारल्यासारखं वर न्यायचं, हाताखालून वळायचं आणि त्याच्याच खांद्यामागे खाली आणायचं. सोमवारच्या सेन्सेईंच्या वर्गात आधी घट्ट पकड येते, मग पाय. बुधवारचे म्हणतात, पकडलंत तिथेच चुकलात, पकडूच नका. शुक्रवारी तुम्ही. विद्यार्थ्याने सोमवारी जे पाठ केलं ते बुधवारी पुसलं जातं आणि शुक्रवारी तो नुसता उभा राहतो, मनगट हातात घेऊन, दवाखान्यात नाडी बघत असल्यासारखा.

अशा वेळी तोंडावर काहीएक उमटू न देता म्हणा, “तेही बरोबर आहे.” इथे ‘ही’वर जोर हवा. मग थोडं थांबून: “सुरुवातीला.” या दोन शब्दांत सोमवार-बुधवारचे दोघेही बालवाडीत जाऊन बसतात आणि तुमच्या नावावर एकही निंदा लागत नाही. गाण्याच्या घराण्यांत वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

७. गुडघ्यांची तजवीज आत्ताच करा.

सेइझा म्हणजे आपलं वज्रासन; जेवणानंतर पाच मिनिटं बसता, ते नव्हे, तर वर्ग सुरू होताना, सेन्सेई बोलत असताना आणि सेन्सेईंना पुढे काय बोलायचं ते आठवेपर्यंत. शिवाय गुडघ्यांवर चालायचं. चाळिशीनंतर सगळे गुडघे एकाच पंथाचे होतात. हाकामा हा घोळदार काळा पायघोळ शोधणाऱ्याला दुवा द्या. आतला पट्टा आणि बामचा वास बाहेर दिसत नाही. वास येतो, पण त्याला लोक परंपरा समजतात.

८. फोटो.

एखाद्या मोठ्या शिहानच्या, म्हणजे ज्येष्ठ शिक्षकाच्या, शिबिराला जा, शुल्क भरा, शेवटच्या समूहछायाचित्रात त्यांच्या जवळात जवळ बसा. मग बाकीचे ऐंशी जण कापा.

९. पहिला वर्ग.

परिचय भिंतीवर लागला, फोटो चढला, आता फक्त शिकवायचं राहिलं. पहिल्याच दिवशी एक नवा मुलगा येईल, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून. त्याने परिचय वाचलेला नसेल. तुम्ही हात पुढे कराल, तो मनगट धरेल, चुकीच्या बाजूने आणि भलताच घट्ट. पडायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसेल. तुम्ही वळाल, तो नाही वळणार. तुम्ही पुन्हा वळाल. तो निरागसपणे विचारेल, “सर, आता मी काय करायचं?”

हसा. त्याच्या खांद्यावर हात ठेवा, म्हणा, “खांदा.” आणि उकेला हाक मारा.