गाण्याचा टंच

शिवाजीनगरला राहतो म्हटलं की महाराष्ट्रातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "म्हणजे स्टेशनजवळ की कोर्टाच्या बाजूला?" मग त्याला सांगावं लागतं की बाबा रे, आमचं शिवाजीनगर पुण्यातलं नव्हे, बंगळूरचं. इथं 1933 साली उघडलेलं रसेल मार्केट आहे, सेंट मेरी बॅसिलिकाचा मनोरा आहे, पहाटेची बांग आहे, आणि या सगळ्यांच्या वर आवाज चढवणारे बसस्टँडवरचे कंडक्टर आहेत. पूर्वी या भागाला ब्लॅकपल्ली म्हणत. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर, म्हणून आम्ही इथले मराठी लोक अजून जरा छाती काढून चालतो. पुढं 1687 साली तीन लाख रुपयांत ते म्हैसूरच्या वडियारांकडे गेलं, एवढं मात्र पाहुण्याला सांगायचं राहून जातं.

ज्वेलर्स स्ट्रीटच्या मागच्या बोळात मामांचं गलाईचं, म्हणजे सोनं आटवण्याचं, दुकान आहे. मामा विट्याकडचे. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी भारतभर पांगली. जिथं सोनार आहे, तिथं मागच्या अंगाला सांगली जिल्ह्यातला एक गलाईवाला भट्टी पेटवून बसलेला असतोच. मामा सोळाव्या वर्षी काकाबरोबर इथं आले. आता सत्तरी ओलांडलीय. अजूनही दागिना काळ्या कसोटीवर घासतात, तेजाबाचा थेंब सोडतात, डोळे बारीक करतात आणि टंच सांगून टाकतात. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. शेजारच्या दुकानात आता मशीन आलंय, त्यात दागिना ठेवला की पडद्यावर आकडा उमटतो. मामांचा अंदाज आणि मशीनचा आकडा यांत फारसं अंतर पडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

अशा माणसाच्या दुकानात गाण्यांचे नंबर ठरवायला बसलो होतो. वाटलं, अर्ध्या तासात उरकेल.

झालं असं, की गल्लीतल्या गणपतीसाठी ऑर्केस्ट्रा ठरला. ऑर्केस्ट्रावाल्यानं बजावलं, दहा गाणी. अकराव्याचे पैसे वेगळे. मामांच्या भाच्यानं, जो व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे, उत्साहाच्या भरात फ्लेक्सही छापून आणला: 'सर्वकाळातील सर्वश्रेष्ठ 10 गाणी'. श्रेष्ठत्व छापून तयार होतं, फक्त गाणी ठरायची होती. भाचा म्हणाला, फोनवर मतदान घेऊ. मामा म्हणाले, "फोनवर कोण कुणाच्या नावानं बटण दाबतंय काय कळतंय? चिठ्ठ्या काढा." मग दुकानाच्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठी फाडून सगळ्यांना वाटल्या. प्रत्येकानं दहा गाणी लिहायची, नंबरवार, नाव न घालता. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक.

समोरचे टेलरचाचा पाचच मिनिटांत चिठ्ठी घेऊन आले. दहाही गाणी रफीची, आणि दहांपुढं एकच आकडा: एक. भाच्यानं नियम समजावला. चाचा शांतपणे म्हणाले, "रफीसाब कू नंबर देनेवाले हमे कौन जी? सब एकच." (दखनी बोलणाऱ्याला तो 'च' आणि तो 'नक्को' कुठून आला हे विचारू नये, आपण गालात हसावं आणि गप्प बसावं.) मामांनी फट शोधली, "चाचा, गणपती आपला हाय. निम्मी गाणी तरी मराठी पाहिजेत." चाचांनी चिठ्ठी परत घेतली आणि रफीनं श्रीकांत ठाकऱ्यांकडे गायलेली मराठी गाणी मोजून वरच्या पाच जागांवर लिहिली. मामांना बोलायला जागा उरली नाही.

मामांच्या डोक्यात या सगळ्याला एक जुना नमुना होता, तो म्हणजे बिनाका गीतमाला. इथं मीही त्यांचाच. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावायचं आणि अमीन सायानी एकेक पायदान चढत वर जाताना वहीत नंबर टिपायचे, ही आमच्या पिढीची खरी संध्या. मामा त्या वेळी भट्टीवर कोळसे घालत असत. मालक वरच्या माळ्यावर गेला की रेडिओ मोठा व्हायचा. श्रीलंका बंगळूरला दिल्लीहून कितीतरी जवळ, पण तरी शॉर्ट वेव्ह मध्येच समुद्रात बुडी मारून यायची, आणि नेमकी तिसऱ्या-दुसऱ्या नंबराच्या वेळी. मग गुरुवारी सकाळी बोळात चौकशा, "दोन नंबरला कुठलं हुतं रे?"

त्या गीतमालेमागं एक मराठी माणूसच होता, उलट्या अंगानं. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद झालं. देशाच्या कानावर शास्त्रीय संगीताचे संस्कार व्हावेत, ही त्यांची तळमळ खरी होती. देशानं मुकाट्यानं रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला नंबर नव्हतेच. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी क्रम ओळखून कळवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, पुढं आठवड्याला साठ हजारांच्या वर. आणि हा ढीग उपसायला आठवड्याला पंचवीस रुपयांवर नेमलेला विशीतला एक तरुण, हेच अमीन सायानी. शेवटी ती स्पर्धा बंद करून सरळ क्रमवारीच सुरू केली. म्हणजे ज्या नंबरांपायी आम्ही भावाभावांत अबोला धरला, त्यांचा जन्म टपालाच्या ओझ्यातून झाला होता.

आणि नंबर कसे लागायचे? कुठल्या गावच्या दुकानात कुठली तबकडी किती खपली, श्रोता संघांनी काय कळवलं, यावरून. हा खपाचा हिशेब होता, श्रेष्ठत्वाचा नव्हे. 1957 साल घ्या. 'प्यासा' त्या वर्षीचा, 'मदर इंडिया' त्या वर्षीचा, 'नया दौर' त्या वर्षीचा. एस. डी. बर्मन, नौशाद आणि ओ. पी. नय्यर तिघंही ऐन भरात. आणि वर्षअखेरीला चोटीच्या पायदानावर गाणं कुठलं? 'जनम जनम के फेरे' नावाच्या चित्रपटातलं, संगीत एस. एन. त्रिपाठींचं. हे मी दुकानात सांगितलं तेव्हा भाचा म्हणाला, "म्हणजे लिस्ट चुकली होती." मामा एकदम चिडले. "चुकली कशी? लोकांनी पैसं मोजून घेतलंय ते गाणं. तू फुकट ऐकतोस आणि वर नंबर देतोस!" मला हे पटलं. खरं तर ते त्रिपाठींचं गाणं मला आवडतंही. पण वहीत मी त्याच्यापुढं कधी एक नंबर लिहिला असता का? नाही. गंमत अशी की चिडताना माणूस यादीच्या बाजूनं असतो आणि गुणगुणताना यादीच्या बाहेर.

एवढ्यात चहावाले अण्णा पेले घेऊन आले. पेले ठेवता ठेवता म्हणाले, "सार, आमचं पाट्टु बीबीसीत नंबर चार. वर्ल्डमध्ये." मामांनी हे दरवर्षी ऐकलेलं असावं, कारण त्यांनी मान वळवली नाही. पण अण्णांचं म्हणणं खरं आहे. 2002 साली बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसनं सत्तराव्या वाढदिवसानिमित्त जगातलं सगळ्यात लाडकं गाणं निवडायला मतं मागवली. दीडशेहून जास्त देशांतून ती आली. पहिला नंबर वुल्फ टोन्स या मंडळींच्या आयरिश देशभक्तिगीताला, दुसरा 'वंदे मातरम्'ला, तिसरा एका पाकिस्तानी देशप्रेमाच्या गाण्याला. म्हणजे तीन देशांनी छातीवर हात ठेवून मतं टाकली. आणि चौथं? 'दलपती' या 1991 सालच्या तमिळ चित्रपटातलं, इळयराजांचं, ज्यात देश नाही, झेंडा नाही, फक्त टाळ्या वाजवून नाचायचा मामला. माझ्या मते त्या यादीतला पहिला नंबर हाच. वरचे तीन देशांचे होते, गाण्यांचे नव्हते.

मामा कप खाली ठेवत म्हणाले, "पण त्यातला हिरो कोण? शिवाजीराव गायकवाड! आपला माणूस. ह्याच बंगळुरात बशीत तिकिटं फाडत हुता." म्हणजे रजनीकांत. अण्णांनी रिकामे पेले गोळा केले. "हिरो तुमचा घ्या सार. राजा आमच्याकडे ठेवतो." राजा म्हणजे अर्थात इळयराजा. सौदा वाईट नव्हता, पण मामांनी तो मान्य केला नाही. चौथ्या नंबरावरून दोघांत जे जुंपलं ते पहिल्या नंबरावरून कधीच जुंपलं नसतं. पहिला नंबर दूरचा असतो, राजवाड्यासारखा. चौथा आपल्या गल्लीत राहतो.

वरच्या मजल्यावरचे कन्नड मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, त्यानंतर आले. त्यांनी भीमसेन जोशींचं नाव काढलं. मामांना हायसं वाटलं, अभंग निदान मराठी. पण मेष्ट्रुंनी चिठ्ठीत लिहिलं होतं पुरंदरदासांचं पद. "भीमसेन गदगकडचे, आमचे," ते म्हणाले. "गायले पुण्यात, आमचे," मामा. "आणि ते ज्याच्यासाठी गायले तो पंढरपूरचा. त्याला तर तुमच्या ज्ञानेश्वरांनीच कानडा म्हटलंय." यावर काय बोलणार? मामांनी गीतरामायणाचा आसरा घेतला. गदिमा, बाबूजी, 1955 साल, छप्पन्न गाणी, पुणे आकाशवाणी. ती आकाशवाणीही शिवाजीनगरलाच, मी मध्ये घातलं, उगाच. भाच्यानं विचारलं, "छप्पन्नातलं कुठलं?" मामा कितीतरी वेळ भट्टीकडे बघत राहिले. "त्यातलं एक काढायचं म्हंजी..." आणि वाक्य तसंच सोडलं.

डबा घेऊन मामी आल्या. त्यांनाही चिठ्ठी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "जात्यावरच्या ओव्या चालत्यात का?" भाचा म्हणाला, "रेकॉर्ड पाहिजे, मामी. ऑर्केस्ट्राला चाल कशी कळणार?" मामींनी चिठ्ठी घडी करून पदराला बांधली. मला आठवलं, हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. एवढ्या ओव्यांतली एकही कधी कुठल्या पायदानावर चढली नाही. चढली असती तर पहाटे दळण कुणी दळलं असतं, हाही प्रश्नच.

मोजणी सुरू झाली तेव्हा सोनारबाजारात शटरं पडत होती. माणसागणिक एकेक पहिला नंबर. भाच्यानं लॅपटॉपवर गुण भरले, बेरजा केल्या, तरी बहुतेक गाणी एकाच ओळीत उभी. "वेटेज बदलून बघू," तो म्हणाला. मामा हसले. एक जुनी, बारीक नक्षीची पाटली चिमट्यात धरून भट्टीच्या उजेडात फिरवत होते. कुणीतरी सकाळी आटवायला दिलेली. "ही बघ. टंच घासूनबी निघतो, पर घासून दिसतं ते वरवरचं. आतलं पक्कं बघायचं तर आटवायलाच लागतं. आकडा निघतो बरोबर, 916 की काय ते. नक्षी जाती." मग पाटली मुशीत टाकली, टाकणखाराची चिमूट सोडली. सोनं वितळायला 1064 अंश लागतात. आम्ही सगळे बघत उभे राहिलो, आणि थोडा वेळ गाण्यांचा विषय कुणी काढला नाही.

शेवटी दहा गाणी ठरली. कुठली ते इथं लिहीत नाही, कारण चाचांनी अजून मान्य केलेली नाहीत. फ्लेक्स मात्र लागला. ऑर्केस्ट्रावाल्यानं अकरावं गाणं फुकट वाजवलं, कारण समोर बसलेल्या अण्णांनी टाळ्या थांबवल्याच नाहीत. कुठलं, ते आता सांगायला नकोच.

मोजणीच्या त्या रात्री भाच्यानं उरलेल्या चिठ्ठ्यांचा बोळा करून झाडूनं दाराबाहेर लोटला, तेव्हा मामा ओरडले, "केर भाईर टाकायचा न्हाई!" गलाईच्या दुकानातला केर कुणी फेकत नाही, तो डब्यात साठवतात आणि झारेकरी येऊन घेऊन जातो. धुऊन, गाळून त्यातूनही कणभर सोनं निघतं. भाच्यानं वैतागून चिठ्ठ्याही केराबरोबर डब्यात भरल्या. त्यातली एक माझ्या पायाशी राहिली होती, ती मी उचलली. पहिल्या नंबराला 'दलपती'तलं ते टाळ्यांचं गाणं, नाव देवनागरीत लिहिलेलं. अण्णांना देवनागरी येत नाही. चाचांची दहाही रफीची, मेष्ट्रुंची कन्नडमध्ये.

अक्षर ओळखीचं वाटलं. चिठ्ठी उलटी केली. पाठीमागे जुन्या पावतीवर, 'मिळाले' या शब्दातला तोच लांब शेपटीचा 'ळ'.

मामा मुशीकडे पाहत होते. मी चिठ्ठी डब्यात टाकली आणि झाकण लावलं.