आठ फुटी गल्ली, नऊ फुटी गाडी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांचा खटखटाट आधी कानात शिरतो आणि मग आपण. त्या खटखटाटात मध्येच ग्राइंडरने किंकाळी फोडली की समजावं, जवळपास एक चॉपरअण्णा, म्हणजे जुनी बुलेट कापून लांबलचक ‘चॉपर’ करणारा, नांदतोय.

हा प्राणी पेठेत एकच आहे असं कुणी समजू नये. थोडं इकडेतिकडे फिरलं की दुसरा सापडतो, आणि दोघंही एकमेकांच्या गाडीला भंगार म्हणतात. वय चाळिशीचं, पोट पन्नाशीचं, केस मागे बांधलेले. मे महिन्यात पारा 43 वर गेला तरी अंगात काळं जाकीट. पेशाने जॉबर. म्हणजे माग अडला, धोटा उडाला, दोरे तुटायला लागले की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो. या माणसाने उभ्या जन्मात नवी मशीन पाहिलेली नसते. दुसऱ्याने वापरून टाकलेला माग, तिसऱ्याने विकलेली मोटर आणि चौथ्याने फुकट दिलेला सल्ला यांवर कारखाना चालवायचा, हे त्याचं शिक्षण. अशा माणसाच्या हाती जुनी बुलेट लागली की तिचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बुलेट 350 चीच हवी, जुनी, ओतीव लोखंडी इंजिनाची, उजव्या पायाला गिअर असलेली. ती कागदपत्रांसकट घरी येते आणि काम सुरू होतं. काम म्हणजे आधी काढणं. मडगार्ड काढलं, सीट काढली, बाजूच्या पेट्या काढल्या, मागचे शॉकॉप काढले, सायलेन्सरमधली पुंगळी तर पहिल्याच दिवशी काढली. बरेच दिवस गाडी नुसती कमीच होत जाते. शेजारचे आजोबा रोज येऊन विचारतात, “अजून काय राहिलंय रे काढायचं?”

दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या अमेरिकन पोरांनीही हेच केलं होतं. जड गाड्यांची मडगार्डं उतरवली, जे जे नको ते छाटलं आणि गाडी हलकी केली. फरक एवढाच, की त्यांना वेग हवा होता. अण्णाला गर्दी हवी आहे.

मग खरी शस्त्रक्रिया. चेसिसची मान कापायची, मागे कलती करून पुन्हा वेल्ड मारायचं आणि पुढचे पाइप लेथवर लांब करून घ्यायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टर्नर हे काम रात्री करतो, कारण दिवसा मालक असतो. पाइप लांब झाले की पुढचं चाक इतकं पुढे जातं की ते पुढच्या घरासमोर आणि अण्णा स्वतःच्या दारात. अशी गाडी मोकळ्या सरळ रस्त्यावर वेगात छान स्थिर चालते. हळू चालवली की हँडल आपोआप एका अंगाला लोळतं आणि वळायला मैदान लागतं. आता भवानी पेठेत मोकळा, सरळ आणि वेगाचा रस्ता कुठून आणायचा? त्यामुळे गाडी वळवायची म्हटली की दोन पोरं मागचं चाक उचलतात, मागे कारचा टायर असल्याने कण्हतात आणि अण्णा पुढे हँडल धरून हुकूम सोडतो, “हळू बे, पॉलिश जाईल!”

हे वेड येतं कुठून, असं अण्णाला विचारलं की तो दर वेळी वेगळं कारण सांगतो. आणि सगळी खरी असतात.

एक कारण गड्ड्याचं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, होम मैदानावर पाळणे लागतात, आणि लाकडी फळ्यांच्या मौतच्या कुव्यात बिनसायलेन्सरची गाडी उभ्या भिंतीवर गरगरते. लहानपणी काठावरून वाकून बघताना फळ्या पायाखाली थरथरल्या, ते थरथरणं अजून पोटरीत आहे म्हणतो. दुसरं कारण टीव्हीचं. 2003 च्या सुमारास ‘अमेरिकन चॉपर’ नावाची मालिका आली. त्यात बाप-लेक कडाकडा भांडतात, हाताला लागेल ते फेकतात आणि शेवटी एक चकचकीत गाडी बाहेर पडते. अण्णाच्या घरात भांडण आणि फेकाफेक आधीपासून होतीच. गाडी तेवढी कमी होती.

तिसरं कारण एका पोस्टरचं. ‘ईझी रायडर’, 1969. सिनेमा त्याने पाहिलेला नाही, पाहायची गरजही वाटत नाही. टाकीवर अमेरिकेचा झेंडा आणि हातभर पुढे गेलेलं चाक, एवढं पुरे. ती गाडी क्लिफर्ड वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांच्या हातची, पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्लेवरून बनवलेली. आणि सिनेमाच्या नामावलीत दोघांचीही नावं नव्हती. हे मी सहज म्हणून सांगितलं, तर अण्णा पाना टाकून उठलाच.

“आमचं काय वेगळं हाय बे? चादर घेणारा छाप बघतो, मालकाची. सोलापुरी चादर म्हणून जगभर नाव. जकार्ड कोण बसवलं, कोण इचारतंय?”

पुढच्या आठवड्यात टाकीवर अण्णाचं नाव आलं. पानपट्टीच्या बोर्डाएवढं, आणि दोन्ही बाजूंनी.

माझं मत विचाराल तर गड्डा, टीव्ही, पोस्टर ही निमित्तं. दिवसभर एकसारख्या मापाच्या, एकसारख्या नक्षीच्या चादरी निघताना पाहायच्या, आणि एक चादर जरी वेगळी निघाली तर बोलणी खायची, अशा माणसाला आयुष्यात एक तरी वस्तू सगळ्या जगाहून वेगळी काढावीशी वाटणारच. मुंबईत अक्षय वर्दे यांनी बुलेटवरूनच अशा गाड्या घडवण्याचा रीतसर व्यवसाय उभा केला, हे अण्णाला ठाऊक आहे. आदर आहे, पण लांबून. “त्यांचं शोरूम हाय. आपली हौस हाय. हौसेला जीएसटी न्हाई.”

जीएसटी नाही, पण दंड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेला हात लावू देत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 साली तेच आणखी ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला पाच हजार दंड ठेवला. पाच हजार एका बदलाला. अण्णा हिशेबाला बसला आणि मध्येच उठला, कारण गाडीत न बदललेलं काय आहे ते मोजणं सोपं होतं. आरसी बुक. तेही त्याने लॅमिनेट केलेलं.

म्हणून गाडी जपून निघते. दसऱ्याला झेंडूची माळ घालून रूपाभवानीच्या देवळापर्यंत, आणि एकदा थेट तुळजापूरला. कोजागरीला सोलापुराहून माणसं पायी तुळजापूरला जातात. रस्ता वाहनांना बंद व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून अण्णा आदल्या दिवशी पहाटे निघाला. तामलवाडीच्या अलीकडे गाडी तापली आणि बसली. लवकर निघालेले पायी भक्त एकेक करून अण्णाला मागे टाकू लागले. दुसरा कुणी असता तर तोंड लपवलं असतं. अण्णा जाकीट नीट करून गाडीशेजारी उभा राहिला.

“किती देते हो?”

“कितीला पडली?”

“चालती का?”

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याने दुपारपर्यंत न थकता दिली. अशी गाडी चालवायची नसतेच, तिच्याशेजारी उभं राहायचं असतं, हे त्या दिवशी मला उमगलं. अण्णाला ते आधीपासून माहीत होतं. संध्याकाळी तो टेम्पोत गाडी घालून परतला तेव्हा आवाज बसलेला आणि चेहरा नवरदेवाचा.

घरातली चालणारी गाडी वेगळी. अण्णाच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, विड्या वळून, भिशी लावून बॅटरीवरची स्कूटर घेतली. दळण, शाळा, दवाखाना, सगळं तिच्यावर. ती आली त्या दिवशी अण्णाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “मडगार्ड लै झालंय बे हिला. मान बी उभी हाय.”

वहिनींनी तेलुगूत जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. किल्ली त्यांनी शेंगाचटणीच्या डब्यात टाकली आणि डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. अण्णाने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मोजायची टेप घेऊन आला. टेपला किल्ली लागत नाही.