मार्गदर्शक काका

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी सहाला उभं राहिलं की पाच मिनिटांत मार्गदर्शक काका भेटतात. नाही भेटले तर तेच शोधत येतात. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, काखेत कुठल्याशा पतसंस्थेची तीन वर्षांपूर्वीची डायरी. समोर विशीतला पोरगा दिसला की प्रश्न ठरलेला: "काय रे, पुढे काय ठरवलंयस?"

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं एकच टेबल. मध्यंतरी ते खिडकीजवळ सरकलं, त्याला काका 'करिअरमधला टर्निंग पॉइंट' म्हणतात. यशाची सूत्रं मात्र त्यांच्याकडे एकवीस.

पहिलं सूत्र, पहाटे पाचला उठा. त्या वेळी मिरकरवाडा बंदरात माणसांची लगबग चाललेली असते आणि आंब्याच्या दिवसांत बागांतले गडी झेला घेऊन निघालेले असतात. यातले किती जण करोडपती झाले, यावर डायरीत पान नाही.

दुसरं सूत्र, ध्येय कागदावर लिहा आणि त्याला मुदत घाला. हे त्यांनी एकदा एका बागायतदाराला ऐकवलं. तो सुपारी कातरत निमूट ऐकत होता. हापूसचं कलम लावलं की धड उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं जातात. पुढेही एक वर्ष धरतं, एक वर्ष रुसतं. मोहोर आला तर तुडतुडे, फळ धरलं तर अवकाळी पाऊस. काका थांबल्यावर अडकित्ता बाजूला ठेवत तो म्हणाला, "मुदत कलमाला घालू की पावसाला?" काकांनी डायरी उघडली आणि तारीख तेवढी लिहिली.

तरी त्यांची खरी भिस्त थोरांवर. टिळक १८५६ साली इथेच जन्मले, तेव्हा ते तर घरचेच. पण टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं आणि पुढे गणितात एम. ए. करायला गेले ते जमलं नाही, एवढा भाग काका गाळतात. पहिलं वर्ष तालमीत काढणारा मुलगा आज त्यांच्या तावडीत सापडला, तर 'टाइम मॅनेजमेंट'वर दोन तासांची निश्चिंती.

सगळ्यात लाडकी गोष्ट धोंडो केशव कर्व्यांची. ती सांगताना काका चहा थंड होऊ देतात. दापोली तालुक्यातलं मुरूड, साल १८७५, सतरा वर्षांचा किडकिडीत मुलगा. परीक्षेचं केंद्र थेट साताऱ्याला. भर पावसाळ्यात, मित्रांबरोबर, सह्याद्री ओलांडून, शंभरावर मैल, पायी! "आणि तुम्हाला क्लासला जायला स्कूटी लागते!" इथे काका टपरीच्या फळीवर हात आपटतात. पेले हलतात. गोष्ट संपते.

कर्व्यांचं 'लुकिंग बॅक' हे इंग्रजी आत्मचरित्र आणि माणसं जोडायला शिकवणारं डेल कार्नेगीचं पुस्तक, दोन्ही १९३६ सालची. काकांनी दुसरं वाचलंय. मराठी अनुवाद, तोही अर्धा.

परवा एका पोराने, स्पर्धा परीक्षेत दोनदा आपटलेल्या, साधंच विचारलं, "मग काका, पास झाले का ते साताऱ्याला?"

काकांनी घड्याळ बघितलं. "ते महत्त्वाचं नाही रे. जिद्द महत्त्वाची. चल, येतो, हिला दवाखान्यात न्यायचंय."

कर्व्यांना साताऱ्यात परीक्षेला बसूच दिलं नाही. सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असं सांगून परत पाठवलं. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. दोन्ही चहाचे पैसे पोराने दिले.