माघातली मरगळ : कामाच्या नावाखाली घालवण्याची रीत

संक्रांत होऊन गेलेली, शिवरात्रीला अजून अवकाश. या मधल्या दिवसांत नगर जिल्ह्यातल्या माणसाला जे होते त्याला मरगळ म्हणतात. तो स्वतः मात्र ‘जरा कणकण आहे’ एवढेच सांगतो. लक्षणे सोपी आहेत. पहाटे गोधडी सुटत नाही, दुपारी स्वेटर सोसत नाही. टाचा फुटलेल्या, हुरडा संपत आलेला, आंबा लांब. घरात बारावीचे पोर असेल तर टीव्ही बंद, आणि सोसायटीची मार्चअखेरची वसुली दारात. अशा रुग्णाने काय करावे, याचे हे मार्गदर्शन. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण मरगळ जुन्याच नावाने येते.

मुख्य नियम असा, की आनंदासाठी म्हणून घराबाहेर पडू नये. आपल्याकडे विनाकारण खूश दिसणाऱ्या माणसाविषयी लोक दोनच अंदाज बांधतात : याची जमीन हायवेत गेली असणार, नाहीतर डोक्यात काहीतरी गेले असणार. म्हणून प्रत्येक आनंदाला एक काम जोडून घ्यावे. काम जितके रुक्ष, तितका आनंद निर्धोक. सातबारा सर्वांत उत्तम. उतारा काढायला निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत कुठेही असू शकतो, कोणी विचारत नाही. उतारे ऑनलाइन झाल्यापासून तर ‘सर्व्हर डाऊन होता’ म्हणून दुसऱ्या दिवशीही निघता येते.

आता खाण्याकडे वळू. हुरडा हा राजमान्य उपाय आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्यासाठी ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ असे ज्वारीचे खास वाण काढले आहेत. तेव्हा पिकायच्या आत कणीस खाऊन टाकणे याला विद्यापीठाची संमती आहे असे समजावे. पण माघ उतरणीला लागला की दाणा कडक होतो आणि ज्वारी पुन्हा धान्य होऊन बसते. उशिरा जागे झालेल्यांनी हरभऱ्याचा बांध गाठावा. कारण : ‘जरा शेत बघून येतो.’

हावळा म्हणजे जाळावर भाजलेला ओला हरभरा. त्याची कृती पुढीलप्रमाणे. घाटे भरलेले पण अजून हिरवे असलेले डहाळे मुळासकट उपटावेत. मालकाला विचारून उपटावेत. न विचारता उपटल्यास चव वाढते, परंतु तो विषय या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे. बांधावरच्या काटक्या-पाचटाचा जाळ करून त्यावर डहाळे टाकावेत. पाला भुर्रकन जळतो, घाटे तडतडतात, आणि जाळ बसला की राखेत काळ्या गोळ्या दिसू लागतात. त्या एकेक वेचून तळहातावर चोळाव्यात, फुंकर मारावी. टरफल उडते आणि बाहेरून करपलेला, आतून हिरवागार दाणा उरतो. उपटताना पाल्यावरची आंब बोटांना लागलेली असते, त्यामुळे मीठ, लिंबू, चटणी काही लागत नाही. चटका बसल्याशिवाय पहिला घाटा खाल्ला, असे अजून कोणाच्या बाबतीत झालेले नाही. परतण्यापूर्वी विहिरीवर तोंड धुवावे. ‘शेत बघायला गेलो होतो’ हे वाक्य काळ्या ओठांनी बोलल्यास घरात टिकत नाही.

कारखान्याकडे चाललेल्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याचा उपाय चाळिशीच्या पुढच्यांनी करू नये. खांदा निखळतो, ऊस तिथेच राहतो.

ज्यांना उपायांमागे थोर माणसांचा आधार लागतो, त्यांच्यासाठी नगरचा किल्ला आहे. 1942 च्या ऑगस्टात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे आणून ठेवले. नेहरूंनी 1944 साली ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले हे सगळ्यांना ठाऊक असते. मरगळीच्या रुग्णाने मात्र पुस्तकाच्या जाडीला न भिता त्यांची बागकाम करण्याची रीत तेवढी उचलावी. दगडामातीच्या ढिगाऱ्यासारखी ती जमीन ते उन्हातसुद्धा तासन्‌तास खणत, कशासाठी तर फुलांच्या वाफ्यांसाठी. मौलाना आझाद त्यांच्याही पुढचे. अंधारातच उठायचे, आपल्या हाताने चिनी चहा करायचा, आणि जे पत्र टाकायला पोस्टच नाही असे पत्र मित्राला लिहीत बसायचे. ही पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. खोलीत शिरलेल्या चिमण्यांशी त्यांनी आधी लढाई केली, मग तह केला, आणि शेवटी त्या त्यांच्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. दूध घातलेल्या चहाविषयी मात्र त्यांचे मत इतके वाईट होते, की संगमनेर-कोपरगावकडच्या दूध संस्थांत ती पत्रे मोठ्याने वाचू नयेत. या दोघांनाही आनंदासाठी वेगळे कारण शोधावे लागले नाही, कारण ते कैदेत होते. आपण मोकळे असल्याने अडचण आहे.

त्याहून मोठी गंमत अरणगावच्या मेहेराबादला. मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 पासून 1969 मध्ये देह ठेवेपर्यंत मौन पाळले, आणि न बोलता त्यांनी दिलेला ‘काळजी करू नका, आनंदी राहा’ हा सल्ला इंग्रजीत जगभर गेला. अमेरिकेच्या बॉबी मॅकफेरिनने 1988 साली त्याचे गाणे केले, ते तिकडे पहिल्या क्रमांकावर चढले. दर 31 जानेवारीला अमरतिथीसाठी, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, देशोदेशीचे लोक विमाने बदलत अरणगावला येतात. सल्ला नगर तालुक्यातून निघाला आणि साऱ्या जगाने घेतला. नगरकराला विचारले तर तो म्हणतो, ‘बघू, मार्च झाल्यावर.’ तुम्हाला जायचे असल्यास पुण्याचा पाहुणा सोबत घ्यावा. पाहुण्याला दाखवायला नेणे हे काम आहे. तोच पाहुणा पुढे चांदबीबीच्या महालावरही वापरता येतो. तिथे आत कबर सलाबतखानाची आहे, हे त्याला चढ संपल्यावर सांगावे.

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, त्या दिवसापासून हे मार्गदर्शन रद्द समजावे. मग उन्हाच्या नावाने ओरडता येते आणि तब्येत आपोआप सुधारते. तोवर ज्यांच्या रानात घाटे अजून ओले आहेत, त्यांनी कृपया निरोप धाडावा. आम्ही शेत बघायला येऊ.